लीक, थंडी आणि रोपाचं वय

२०१८ च्या मार्चच्या सुरुवातीला एडिंबरात इतका बर्फ पडला की माझ्या वाफ्यातले लीक शेंड्यापर्यंत गाडले गेले. बर्फ वितळला तेव्हा त्यातले बहुतेक धडधाकट निघाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये असं काही घडलं नव्हतं. रात्री पारा शून्याच्या आसपास, दिवसा कोवळं ऊन, एवढंच. तरी त्या वर्षीच्या एका वाफ्यातले निम्म्याहून अधिक लीक जुलैत डेंगळ्यावर गेले. मधोमध फुलाचा टणक दांडा, भोवती चिवट पात, खाण्याजोगं जवळजवळ काहीच नाही. कडाक्याची थंडी पचवणारं पीक साध्या थंडीने कसं बिघडतं, याचा माग मी बरेच दिवस काढत होते. त्यात जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, कारण बियाण्याच्या पाकिटावर पेरणीचे महिने छापलेले असतात, त्या महिन्यांमागचं कारण छापलेलं नसतं.

लीक महाराष्ट्रात फारसा दिसत नाही, म्हणून आधी थोडी ओळख. कांद्या-लसणाच्या कुळातलं हे पीक. खाली गड्डा धरत नाही. पानांच्या घड्या एकात एक घट्ट बसून लांब पांढरा बुंधा तयार होतो, तो खायचा. वरची पात निळसर हिरवी, चपटी, रुंद. चव कांद्याहून सौम्य. स्कॉटलंडात कोंबडी, लीक आणि सुकवलेले आलुबुखारे घालून ‘कॉक-अ-लीकी’ नावाचं सूप करतात. मी बहुतेक वेळा पातीच्या कांद्याला पेरतो तसं बेसन पेरून कोरडी भाजी करते. चिरण्याआधी बुंधा उभा चिरून वाहत्या पाण्याखाली धरायचा, कारण घड्यांमध्ये माती बसलेली असते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरचा कांदा. इथे आल्यावर पालिकेच्या यादीत नाव घातलं आणि काही वर्षांनी भाड्याचा जमिनीचा तुकडा मिळाला. अलॉटमेंट म्हणतात त्याला. शेजारच्या तुकड्यावर एक आजोबा आहेत, लीकच्या बाबतीत इथलं चालतंबोलतं विद्यापीठ. शहराच्या पूर्वेला मसलबरा नावाचं गाव आहे, आणि त्याच नावाचा लीकचा जुना वाण एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला आहे. आखूड, जाड बुंधा, पंख्यासारखी पसरलेली रुंद पात. आजोबा दुसरा वाण लावतच नाहीत. मी मात्र त्याच्या शेजारी ‘किंग रिचर्ड’ लावायचे. तो उन्हाळी वाण, बुंधा लांबसडक आणि पात फिकट.

बियाणं हुबेहूब कांद्याचं, काळं आणि तिकोनी. थंडीतही ते उगवतं, फक्त फार संथ. माझ्या वहीत मी त्याचा हिशोब असा ठेवते: दिवसाच्या सरासरी तापमानातून दोन अंश वजा करायचे आणि उरलेल्याची रोज बेरीज करत जायची. ती सव्वादोनशेच्या आसपास पोचली की मातीवर हिरवं दिसू लागतं. म्हणजे २० अंशांच्या खोलीत बारा-तेरा दिवस आणि १० अंशांच्या शेडमध्ये चार आठवडे. वरच्या अंगाला हा हिशोब लागू पडत नाही. २५ च्या पुढे उगवण विरळ होत जाते आणि तिशीच्या वर फारच थोडं बी उगवतं. म्हणून इथले जाणते लोक रोपाचा ट्रे रेडिएटरवर कधीच ठेवत नाहीत, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतात. वरून हवा कितीही सुखद वाटली तरी रेडिएटरवरच्या ट्रेतली माती चांगलीच तापलेली असते.

रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की लागवड. निफाडात कांद्याचं रोप आम्ही बोटभरही खोल दाबत नाही. इथे दांडक्याने वीतभर खोल भोक पाडतात, रोप आत सोडतात आणि भोक मातीने बुजवतच नाहीत. फक्त पाणी ओततात. पाण्याबरोबर जेवढी माती मुळांवर बसेल तेवढीच. बाकीचं भोक पुढच्या पावसांत आणि खुरपणीत आपोआप भरत जातं आणि बुंधा अंधारात वाढून पांढरा होतो. तापमानाच्या दृष्टीनेही ही खोली कामाची आहे. लीकचा वाढीचा कोंब, जिथून प्रत्येक नवं पान निघतं, तो बुंध्याच्या तळाशी मुळांच्या चकतीवर असतो. शेवटपर्यंत तो मातीतच राहतो. वरची पात हवेचं तापमान झेलते, पण झाडाचा जीव मातीच्या तापमानावर असतो.

२०१८ च्या बर्फात हेच पाहायला मिळालं. फेब्रुवारीच्या अखेरीस पूर्वेकडून वारं सुटलं. हवामान खात्याने स्कॉटलंडच्या मध्यभागासाठी बर्फाचा लाल इशारा दिला, बस बंद, शाळा बंद. मी अलॉटमेंटवर पोचले तेव्हा वाफ्यांच्या जागी सपाट पांढरं मैदान होतं आणि आजोबांची कोबीची जाळी तेवढी वाकून वर दिसत होती. बर्फ उकरून मी मातीत थर्मामीटर खुपसला. हवा दिवसासुद्धा शून्याखाली होती, पण बर्फाखालची माती शून्याच्या किंचित वर. ताज्या बर्फात हवा भरलेली असते, त्यामुळे खालची ऊब बाहेर जात नाही. आदल्या आठवड्यात बर्फ नसताना वारा घोंघावत होता, तेव्हा तीच माती वरून कडक गोठली होती आणि कुदळ आपटून परत येत होती.

बर्फ ओसरल्यावर दोन्ही वाणांतला फरक उघड झाला. किंग रिचर्डचा लांब बुंधा जमिनीच्या बराच वर उभा असतो. तो भाग काचेसारखा पारदर्शक झाला, मग मऊ पडला आणि कुजला. मसलबरा मात्र बाहेरची एक-दोन पानं सोडली तर शाबूत. पात लोळागोळा होऊन जमिनीवर पसरली होती, दोन-तीन उबदार दिवसांत ती पुन्हा ताठ झाली.

गोठताना आत काय होतं हे समजल्यावर मला ते फार विलक्षण वाटलं. बर्फाचे स्फटिक आधी पेशींच्या मधल्या जागेत होतात आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतात. म्हणून पात लुळी पडते. पेशीच्या आत बर्फ झाला तर ती पेशी संपलीच. तसं होऊ नये म्हणून लीक आपला साठा वापरतो. उन्हाळाभर साठवलेल्या फ्रुक्टानचे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचे, थंडीत लहान लहान साखरेचे कण होतात, आणि साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा खालच्या तापमानाला गोठतं. जानेवारीतल्या लीकची भाजी सप्टेंबरातल्यापेक्षा गोड लागते ती यामुळे. ही तयारी व्हायला वेळ लागतो. ऑक्टोबरपासून थंडी पायरीपायरीने उतरली तर उणे दहाचीही रात्र हिवाळी वाण काढतो. नोव्हेंबरात उबदार आठवड्यानंतर एका रात्रीत पारा घसरला, तर उणे पाचलाही पात जळालेली मी पाहिली आहे. गोठलेल्या पानांना हात लावायचा नाही हा आजोबांचा नियम मी पाळते. हात लावाल तिथे स्फटिक पेशी फाडतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग असतो.

इथवर मला वाटत होतं की लीक आणि थंडी यांचा हिशोब एवढाच, वाण चिवट असला की झालं. मग २०२१ आलं.

त्या हिवाळ्यात घरातच बसून काम होतं, म्हणून मी एकाच पाकिटातल्या बियाण्याचे तीन भाग करून बघायचं ठरवलं. उत्तर इंग्लंडातल्या जुन्या खाणगावांमध्ये लीकची प्रदर्शनं भरतात. तिथले स्पर्धक रोपं भर हिवाळ्यात, दिवस सर्वांत लहान असताना, उबेत सुरू करतात. त्यावरून दोन भाग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरात पेरले. मार्चअखेर दोन्हीची रोपं पेन्सिलीला टेकली. तेव्हा एक ट्रे अलॉटमेंटवरच्या काचेच्या पेटीत नेला, दुसरा घरातच दक्षिणेच्या खिडकीत राहिला. तिसरा भाग मार्चच्या अखेरीस थेट शेडमध्ये पेरला.

तो एप्रिल ब्रिटनमध्ये साठ वर्षांतला सर्वाधिक दहिवराचा, म्हणजे दव गोठवणाऱ्या रात्रींचा, एप्रिल ठरला. आकाश निरभ्र, दिवसा ऊन, आणि रात्री पेटीतला पारा एक ते पाच अंशांमध्ये. रोपांना काहीही इजा झाली नाही. उलट ती खिडकीतल्या रोपांपेक्षा तुकतुकीत, बुटकी, गडद दिसायची. खिडकीतली जरा लांबट आणि लवलवती होती. कोणीही पेटीतलीच रोपं निवडली असती. मेचा मध्य उलटल्यावर मी तिन्ही भाग शेजारी शेजारी लावले, तिसरा अर्थात थोडा नंतर, रोप जाड झाल्यावर.

जुलैत पेटीतल्या ओळींमध्ये एकेका लीकच्या पानांमधून गोल, गुळगुळीत दांडा वर यायला लागला. टोकाला कागदी टोपी. रोज नवे दिसायचे, आणि जुलै संपता संपता त्या वाफ्यात निम्म्याहून जास्त डेंगळे होते. खिडकीतल्या रोपांच्या ओळीत तुरळक. शेडमध्ये उशिरा पेरलेल्यांत एकही नाही, आणि ती रोपंसुद्धा एप्रिलच्या त्याच थंड रात्रींमध्ये शेडमध्येच होती!

आजोबा म्हणाले, “एप्रिल वाईट होता, माझेही गेलेत थोडे.” तेवढ्याने माझं समाधान होईना. त्या रविवारी घरी फोन लावला.

“अप्पा, एका वाफ्याला निम्मे डेंगळे आलेत.”

“रोप कधी टाकलं होतंस?”

“जानेवारीत. घरात, उबेत.”

“आणि थंडी लागली तेव्हा रोप केवढं होतं?”

“पेन्सिलीएवढं.”

“अगं, मग तो तुझा रांगडा झाला की.”

निफाडच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. राज्यात थंडी पडली की बातम्यांमध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो, तो आमचाच परिसर. पारा पाच-सहावर आला की द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत कांद्याची दोन पिकं शेतात उभी असतात. रांगड्याची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरची, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तो चांगला जाड झालेला असतो. उन्हाळ कांदा तेव्हा नुकताच लावलेला, बारीक. बांधाच्या अलीकडे-पलीकडे थंडी सारखीच. डेंगळे मात्र रांगड्यात जास्त, उन्हाळात कमी. लहानपणापासून मी डेंगळे मोडत आले होते, पण रोपाच्या वयाचा मुद्दा एडिंबराच्या वाफ्यात बसून अप्पांकडून ऐकला तेव्हा डोक्यात बसला.

त्यानंतर वाचून, माझ्या वहीतल्या नोंदी ताडून बघून जे जुळलं ते असं. लीक द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी वाढायचं, हिवाळा काढायचा, दुसऱ्या वर्षी फुलायचं, हा त्याचा मूळ क्रम. हिवाळा होऊन गेला हे त्याला थंडीवरूनच कळतं, आणि ती थंडी गोठवणारी असावी लागत नाही. पाच अंशांच्या आसपासचं तापमान, काही आठवडे टिकलेलं, सर्वांत परिणामकारक. रोप दोऱ्याएवढं बारीक असेल तर त्याच्यावर याचा फारसा परिणाम होत नाही. जाड झालेलं रोप मात्र हीच थंडी मोजतं आणि हिवाळा संपला असं धरतं. पुढे दिवस मोठे होत गेले की दांडा जोराने वर येतो. आमच्याकडे जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा असतो, म्हणजे दांड्याला लागणारं सगळं हजर. पेटीतल्या रोपांनी एप्रिललाच हिवाळा समजून घेतला होता. शेडमधल्यांना तो समजायचं वयच नव्हतं.

याला एक उतारा आहे. थंडीनंतर लगेच १८ अंशांच्या वर ऊब मिळाली, तर आधीच्या थंडीचा परिणाम बराचसा पुसला जातो. खिडकीतल्या ओळीत डेंगळे तुरळक राहिले त्याचं श्रेय दुपारी तापणाऱ्या त्या काचेला आहे. २०२१ चा मे इथे गार आणि ओला गेला, त्यामुळे लागवडीनंतर पेटीतल्या रोपांना असा उतारा मिळालाच नाही.

आणि २०१८ च्या बर्फातून निघालेले? हिवाळा झाल्याचं त्यांनाही कळलं होतं, आमच्या पोटात जायची वेळ फक्त आधी आली. मार्च-एप्रिलमध्ये मी ते काढून खाल्ले. कोपऱ्यात जे चार-पाच राहून गेले होते ते मेच्या अखेरीस झाडून सगळे डेंगळ्यावर होते. गोठून मरणं आणि थंडीने फुलावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला वाणाचा चिवटपणा पुरतो. दुसरीला तो पुरत नाही, तिथे पेरणीची वेळच सांभाळावी लागते. हिवाळी लीकबद्दल लिहिताना बरेच जण या दोन्ही एकाच ‘थंडी सोसणारा’ या शब्दांत गुंडाळतात, त्याचा मला खरंच त्रास होतो. नवीन माणूस त्यावर विसंबून फेब्रुवारीतच पेटीत रोपं नेतो.

उन्हाचं प्रकरण इथे लहान आहे, पण वाढतं आहे. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडात पारा पहिल्यांदाच ४० च्या वर गेला, आमच्या दक्षिणेला, स्कॉटलंडच्याच बॉर्डर्स नावाच्या भागात, ३५ च्या जवळ पोचला. लीकला दिवसा १५ ते २२ मानवतं. २५ च्या पुढे वाढ मंदावते, बुंधा भरत नाही. त्या आठवड्यात पातीवर चंदेरी ओरखडे दिसले आणि मी लगेच ओळखलं, फुलकिडे. कांद्यावरचेच, तोच किडा. कोरड्या उष्ण हवेत त्याची पिढी झपाट्याने पुरी होते. रोज संध्याकाळी पातीवर पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि ओळींमध्ये कापलेल्या गवताचा थर दिला. थराखालची माती दुपारीही हाताला गार लागायची. पाऊस आला आणि फुलकिडे आटोक्यात आले.

तांबेऱ्याचं उलटं. त्याला सौम्य, ओली हवा लागते, दहा ते वीस अंशांमधली. समुद्रावरून धुकं येऊन दिवसभर बसलं की ऑगस्ट-सप्टेंबरात पातीवर नारिंगी फोड येतात. मी दोन रोपांमध्ये वीतभर अंतर ठेवते, म्हणजे पात लवकर वाळते. कडक थंडी पडली की तांबेरा थांबतो आणि नवी पानं स्वच्छ निघतात, त्यामुळे त्यासाठी फवारणी करावी असं मला कधी वाटलं नाही.

आता माझं वेळापत्रक असं आहे. पेरणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, घरात १८ ते २० अंशांना, उगवेपर्यंत. उगवल्यावर शेडमध्ये, कारण तेव्हा रोप दोऱ्याएवढं असतं आणि थंडी त्याच्या गावीही नसते. लागवड जूनच्या मध्यावर. मसलबरा तिन्ही हिवाळी महिने पुरतो. लवकर हवा असेल त्यासाठी किंग रिचर्डची एक ओळ, ती डिसेंबराच्या आत संपवायची. कधी लवकर पेरलंच, तर रोप पेन्सिलीकडे सरकू लागल्यापासून रात्री दहाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. काचेच्या पेटीवर क्रॉप कव्हर (पिकावर पांघरायचं पातळ कापड) टाकूनही एप्रिलमध्ये ते जमत नाही, म्हणून अशी रोपं मेपर्यंत घरातच. जोराचा गारठा येणार असेल तर त्याआधी आठवडाभराचे लीक उपटून शेडमागे सैल मातीत पुरून ठेवते, म्हणजे जमीन गोठली तरी स्वयंपाक अडत नाही.

गेल्या दिवाळीपासून धाकट्या भावाला निफाडात एक वाफा लीक लावून बघायचा आहे. नाशिकच्या हॉटेलवाल्यांकडून विचारणा आहे, असं तो म्हणतो. त्याच्यासाठी मी इथलं सगळं वेळापत्रक उलटं करून दिलं. त्याची अडचण सुरुवातीला उष्णतेची आहे, थंडीची नंतर. बी सप्टेंबरात टाकायचं, पण शेडनेटखाली आणि संध्याकाळी पाणी देऊन, म्हणजे गादीवाफ्याची माती पंचविशीच्या आत राहील. लागवड नोव्हेंबरच्या सुरुवातीला, खोल भोकात. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या रात्री लीकला हव्या तशाच असतात आणि दुपारची ऊब रात्रीच्या थंडीचा परिणाम पुसत राहते. रांगड्याला तरी डेंगळे येतातच, म्हणून जानेवारीअखेरपासून रोज ओळीतून चक्कर मारायची, दांडा बोटाला टणक लागला की तो लीक त्याच दिवशी काढायचा. मार्चचं ऊन लागायच्या आत वाफा रिकामा झाला पाहिजे. वाण उन्हाळीच घ्यायला सांगितलं आहे, कारण मसलबऱ्याचा बर्फ सोसायचा गुण तिथे काही कामाचा नाही आणि हॉटेलवाल्यांना लांब पांढरा बुंधा हवा असतो. अप्पांनी त्याला एवढंच विचारलं, “पाणी कुठल्या वाफ्याचं तोडणार आहेस?”